गाळमोजणीचे इंगळे

मेहकरच्या आठवडी बाजारात, भर गर्दीत, एका बड्या पाटलांना अडवून इंगळे म्हणाले, “पाटील, तुमचं वावर काल माह्या बाटलीत आलं होतं.”

पाटील धोतराचा सोगा सावरत थांबले. बरोबर त्यांचे नवे व्याही होते.

“काय आलं होतं?”

“वावर. नाल्याकडचं. तीन बाटल्या भरल्या, तिन्हीत तुमचीच काळी माती. धुरे फुटले तुमचे. पाहून घ्या.”

शेताचे बांध फुटल्याचं एवढं सांगून इंगळे शांतपणे वांगी निवडायला लागले. पाटलांचा चेहरा असा झाला, की जणू कोणी त्यांच्या घरची भांडी रस्त्यावर मांडली. व्याह्यांनी हळूच विचारलं, “नाल्याकडचं म्हंजे तेच का, जे तुमी पोराच्या नावानं करतो म्हणले होते?”

मी मेहकरला रुजू होऊन तेव्हा चारच दिवस झाले होते. पुण्याहून आलेला, नुकती मिशी फुटलेली, टंकलेखन येणारा कारकून. हा माझा सहकारी आहे हे कळल्यावर मी दोन पावलं मागे सरून दुसऱ्याच दुकानासमोर उभा राहिलो, हे कबूल केलं पाहिजे.

आमचं खातं केंद्र सरकारचं. देशभरातला पाऊस, नद्यांचं पाणी आणि त्या पाण्याबरोबर वाहून जाणारी माती मोजायची आणि आकडे दिल्लीला कळवायचे, एवढंच त्याचं काम. मेहकरची शाखा लहानशी होती. टिनाच्या छपराची दोन खोल्यांची भाड्याची कचेरी, अंगणात पाऊस मोजायचं नळकांडं, पैनगंगेवर एक नाव, आणि साहेब सोडून नऊ माणसं. त्यात किसन तुकाराम इंगळे हे निरीक्षक. पावसाळ्यात रोज सकाळी ते नावेतून नदीच्या मधोमध जात, पितळी पिंजऱ्यात बसवलेली बाटली खोल सोडत, गढूळ पाणी वर काढत. मग ते गाळायचं, उरलेला गाळ वाळवायचा, नाजूक तराजूवर तोलायचा आणि आकडा वहीत लिहायचा. सरकारला एवढंच हवं होतं.

इंगळ्यांचं काम मात्र तिथून पुढे सुरू होई. तोललेला गाळ ते चिमटीत धरून चोळत, वास घेत, आणि कोणी बघत नसेल तर जिभेवर ठेवत. मग डोळे मिटून सांगत, “ही वरच्या अंगाची मुरमाड. हे मात्र गाळाचं वावर हाय, खतावलेलं. कोन्या तरी गरिबानं शेणखत टाकलं, अन् गेलं सारं.” ते खरं आहे की नाही हे तपासायला एकदा साहेबांनी चार गावांची माती वेगवेगळ्या पुड्यांत बांधून आणवली. इंगळ्यांनी चारही गावं ओळखली, आणि पाचवं म्हणून सांगितलं, “या पुडीचा कागद भजाच्या हाटेलातला हाय.”

त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं: “अंदाज नका सांगू, आकडा सांगा.” कोणी म्हणालं, “डोणगावकडं लय पाऊस झाला म्हणे,” की ते विचारत, “लय म्हंजे किती? बोटाले लागला का कोपराले?” एकदा त्यांना ताप चढला. डॉक्टरांनी कपाळावर हात ठेवला, तर इंगळे म्हणाले, “डॉक्टरसाहेब, हात नका लावू, तापाची नळी लावा.” चहाच्या हॉटेलात ते शिरले की लोक आपोआप कमी बोलत. कोण किती वाजता आला, किती कोसांवरून आला, म्हैस किती शेर देते, सगळ्याचा आकडा द्यावा लागे.

माझ्या भाषेबद्दलही त्यांचं मत ठाम होतं. “बाबू, तुमची पुण्याची बोली इस्त्री केलेली हाय. तिच्यावर बसायले भेव लागते.”

पहिल्याच पावसाळ्यात आमची चकमक उडाली. हिवतापामुळे ते दोन दिवस नदीवर गेले नव्हते. वहीतले दोन रकाने कोरे. महिन्याचा तक्ता दिल्लीला पाठवायचा होता. मी म्हटलं, “इंगळे, आधीचा आकडा आहे, नंतरचा आहे. दोन्हींच्या मधला काढून टाकू. कोणाला कळणार आहे?”

त्यांनी वही माझ्या हातून काढून घेतली. रागावले नाहीत, त्यांना माझी काळजी वाटली असावी.

“बाबू, त्या दोन दिवसांत नदीनं काय केलं, ते नदीले ठाऊक. मी गोधडीत होतो. जे म्या पाह्यलं नाही ते मी काऊन लिहू?”

आणि त्या दोन रकान्यांत त्यांनी सुवाच्य अक्षरात लिहिलं: ‘नोंद नाही. निरीक्षक तापाने आजारी.’ दिल्लीहून खुलासा मागणारं पत्र आलं. इंगळ्यांनी तेच उत्तर पाठवलं. पुन्हा पत्र आलं, पुन्हा तेच उत्तर. शेवटी दिल्ली थकली. त्या दोन कोऱ्या जागांमुळे आमच्या शाखेचे बाकीचे आकडे खरे मानले जातात, हे मला पुढे साहेबांकडून कळलं.

नाव वल्हवायला हबीब होता, माझ्यानंतर दोनच महिन्यांनी नोकरीत लागलेला. चाळिशीचा, दांडगा, तोंडाने शिवराळ आणि मनाने लोणी. चार मुलींचा बाप. इंगळे त्याला ‘हबीबभाई’ म्हणत, तो त्यांना ‘दादा’. दोघांचं एकमेकांशिवाय पान हलत नसे आणि एकमेकांशी पटतही नसे. एका श्रावणात नदी दोन्ही थड्या भरून चालली होती. मी काठावर छत्री धरून उभा. मधोमध नाव नाचत होती. दोन बाटल्या भरून झाल्या होत्या. तिसरी सोडायच्या वेळी वरून एक अख्खं बाभळीचं झाड वाहत येताना दिसलं.

हबीब ओरडला, “दादा, चला आता. जान गेली तं तुमचा आकडा कोन लिहिन?”

“तिसरी रायली.”

“राहू द्या न बाप्पा.”

“हबीबभाई, दोन बाटल्यांचा अंदाज होते. तिसरी भरली तं आकडा होते.”

हबीबने जे शब्द वापरले ते इथे देत नाही. पण त्याने नाव धरून ठेवली. झाड हातभर अंतरावरून गेलं, एका फांदीने इंगळ्यांची टोपी नेली. काठाला लागल्यावर हबीब चिखलातच खाली बसला. इंगळ्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि विचारलं, “बूच घट्ट बसवलं न?”

पाच वर्षं अशी गेली. त्या पाच वर्षांत नदीकाठच्या कितीतरी वावरांचे धुरे नव्याने बांधले गेले, त्यातले निम्मे तरी निव्वळ लाजेपोटी. बाजारात इंगळे समोरून येताना दिसले की लोक बायकोला विचारत, “आपल्या इकडं काल पाऊस होता का वं?”

आणि मग दिल्लीत काटकसरीचं वारं सुटलं. चक्रमुद्रित कागद आला. देशभरातल्या शाखांमधली माणसं कमी करायची होती. आमच्या वाट्याला नवाच्या जागी सहा. कारण दिलं होतं की मातीची मोजदाद तूर्त निकडीची नाही. शेवटी लागलेला आधी जाईल, असा नियम. यादी टंकलिखित करायचं काम माझ्याकडे.

कागद मीच सगळ्यांना वाचून दाखवला. इंगळे भिंतीला टेकून ऐकत होते.

“बाबू, ‘अतिरिक्त’ म्हंजे काय?”

“जास्तीचा.”

“म्हंजे मोजून झाल्यावर उरलेला?”

“तसंच काहीसं.”

“मंग आंधी मोजलं कोनं? इथं तं कोनी आलं नाही मोजायले.”

साहेब मद्रासकडचे, सज्जन, जपून हिंदी बोलणारे. त्यांनी आपल्या परीने धडपड केली. तिघांपैकी एकाने आपणहून खामगावला वडिलांचं किराणा दुकान गाठलं आणि तो उलट खूशच झाला. दुसऱ्याला हिवरा आश्रमाकडच्या शाळेत काम मिळालं. उरला तिसरा. तो हबीब.

हबीबला दुसरं काहीच येत नव्हतं. त्याचा बाप नदीवर, आजा नदीवर. कोणी म्हणालं, मुंबईला जा, तिथे समुद्र आहे. त्यावर तो हसला नाही. थोरल्या मुलीची सोयरीक ठरत आली होती, आणि मुलाकडच्यांनी ‘मुलीचा बाप सरकारात आहे’ एवढ्यावरच होकार दिला होता. तो रोज येई, नाव धुई, कोरड्या ठणठणीत नावेतलं नसलेलं पाणी उपसल्यासारखं करी आणि घरी जाई. शिव्या देणं त्याने बंद केलं होतं. त्या न ऐकणं फार जड जाई.

एका दुपारी इंगळे माझ्या टेबलाशी आले. “बाबू, तो कागद पुन्हा वाचा. सारा.”

मी वाचला. अगदी शेवटी एक बारीक कलम होतं. ठरलेल्या तारखेआधी कोणी वयोमानाने निवृत्त होत असेल, तर कमी करायची संख्या तितकीच घटेल. दिल्लीने फक्त डोकी मोजली होती, निरीक्षक की नावाडी हा भेद केला नव्हता.

“हे शेवटलं पुन्हा वाचा.”

ते मी तीनदा वाचलं. मग त्यांनी रजेचा अर्ज दिला. आजारपण सोडलं तर पाच वर्षांत मी पाहिलेला त्यांचा पहिला.

तीन दिवसांनी ते आले ते तहसील कचेरीच्या शिक्क्याची नक्कल घेऊनच. वऱ्हाडात पूर्वी गावोगावी कोतवाल जन्म-मृत्यूची नोंद एका पुस्तकात करत. नाव नसे, बापाचं नाव आणि मुलगा की मुलगी, एवढंच. डोणगावच्या कोतवाल बुकातली ती ओळ होती: ‘तुकाराम इंगळे यास मुलगा झाला.’ पुढे तारीख. त्या तारखेप्रमाणे इंगळ्यांना येत्या महिन्यात अठ्ठावन्न वर्षं, म्हणजे निवृत्तीचं वय, पूर्ण होत होती. आमच्या कागदोपत्री मात्र ते बावन्न वर्षांचे होते.

साहेबांनी चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा घातला. त्यांच्या नोकरीत वय कमी करून घ्यायला आलेले पुष्कळ भेटले होते, वाढवून घ्यायला आलेला हा पहिलाच.

त्यांनी हिंदीत विचारलं, “इंगळे, सोचा है? छह साल की नौकरी है.”

“साहेब, कागद असं सांगते.”

“लेकिन आप को पक्का मालूम है?”

“कागदावर तहसिलाचा शिक्का हाय साहेब. पाहून घ्या.”

मला वाटलं, हीच ती इंगळ्यांची जात. स्वतःचा आकडा चुकलेला सापडला, तर तोही दुरुस्त करायचा, मग पदरचं काही गेलं तरी चालेल. आणि त्यातून हबीबचं भलं होत असेल, तर अधिकच चांगलं. माझा ऊर भरून आला. मी तो अर्ज एकही चूक न करता टंकलिखित केला.

उरलेला महिना त्यांनी हबीबला शिकवण्यात घालवला. बाटली भरणं त्याला येतच होतं. पण तराजू, गाळणी, रकाने यांच्याशी त्याचं वाकडं होतं. चाळिशीचा गडी पाटी घेऊन अंगणात बसलेला आणि समोर इंगळे छडी नसलेल्या मास्तरासारखे.

“हे किती झालं, हबीबभाई?”

“एक कमी दोन बोटं.”

“बोटं दिल्लीले समजत नाहीत. टिंब द्या. टिंबाच्या फुडं लिहा.”

“या टिंबानं जीव खाल्ला दादा. येवढुसा हाय अन् केवढा तोरा.”

“तेच तं. ते चुकलं तं साऱ्या तालुक्याची माती दहापट वाहून जाते.”

शेवटच्या आठवड्यात हबीबने गाळाची चिमूट जिभेवर ठेवली, तोंड वाकडं केलं आणि म्हणाला, “मले तं चिखलच लागते.” इंगळे म्हणाले, “लागू द्या. दहा पावसाळे गेल्यावर गाव लागते.”

निरोपसमारंभ कचेरीच्या अंगणात झाला. पेढे, हार, साहेबांचं चार वाक्यांचं भाषण. आणि न बोलावता बाजारातले ते पाटील आले. ते बोलायला उभे राहिले तेव्हा मी जरा घाबरलो. ते म्हणाले, “या माणसानं मले भर बाजारात व्याह्यासमोर नागवं केलं. म्या दोन वर्षं याचं तोंड पाह्यलं नाही. त्या दोन वर्षांत म्या धुरे बांधले. आता नाल्याकडच्या वावरात गहू होते.” मग त्यांनी पिशवीतून पायली-दोन पायली गहू काढून टेबलावर ठेवला. इंगळ्यांनी मूठभर उचलून वास घेतला आणि म्हणाले, “बराबर. तेच वावर.” साहेब पहिल्यांदाच मोठ्याने हसले.

इंगळे डोणगावला बहिणीकडे राहायला गेले. बायको त्यांची फार वर्षांपूर्वी वारली होती, मूलबाळ नव्हतं. हबीब नदीवर राहिला. त्याच्या थोरलीचं लग्न झालं. पहिल्या पावसाळ्यात त्याच्या वहीत दोन कोऱ्या जागा होत्या, आणि पुढे वेड्यावाकड्या अक्षरात लिहिलं होतं: ‘नोंद नाही. नाव फुटली.’ मी तक्ता तसाच पाठवला.

वर्षभराने माझी बदली अमरावतीला झाली. निघण्याआधी इंगळ्यांना भेटावं म्हणून मी डोणगावला गेलो. ते वावरात गेले होते. त्यांच्या भगिनी, कासाबाई, घरी होत्या. भिंतीवर बुद्धाची तसबीर, खाली उदबत्ती, शेणाने सारवलेली ओसरी. त्यांनी मला बाजेवर बसवलं, काळा चहा दिला आणि भावाच्या तक्रारी सांगायला लागल्या. पोळ्या मोजून खातो, पिठाचे डबे मोजतो, कोंबड्या मोजतो.

“लहानपणापासून असाच हाय. मीच वाढवला नं त्याले. माय वावरात जाये, मी झोळी हालवो.”

मी म्हटलं, “म्हणजे तुम्ही मोठ्या?”

“मंग. किसन माह्या मागचा, चार वर्षांनं. मले आता सत्तावन लागलं.”

माझ्यातल्या कारकुनाने हिशेब केला, आणि तो काही केल्या जुळेना. मी चाचरत म्हणालो, “पण कोतवाल बुकात तर…”

“ते?” त्या चुलीकडे वळल्या. “तो थोरला. माह्याही आंधीचा. बारसं व्हायच्या आंधीच गेला. मायनं त्याचं नावच कधी काढलं नाही. नाव होतंच कुठं म्हणा.”

तेवढ्यात इंगळे आले. मला पाहून चेहरा फुलला, मग बहिणीच्या पाठीकडे आणि माझ्याकडे पाहून त्यांना सगळं उमगलं. पाय धुतले, पुसले आणि येऊन बाजेच्या दुसऱ्या टोकाला बसले.

“इंगळे, ते मूल तुम्ही नव्हे.”

“म्या साहेबाले कुठं म्हणलं मी हाय म्हणून? म्या म्हणलं, कागद असं सांगते.” मग त्यांनी टोपी काढून बाजेवर ठेवली. “तहसिलात गेलो तवा खरंच वाटलं होतं, आपलं वय जास्त निघन. सरकारी कागदात लिहिताना मास्तरानं अंदाजानंच टाकलं होतं. पण माही ओळ निघाली, ती बराबर बावन्नची. मंग पानं मांगं उलटत गेलो, तं ही ओळ. बाबू, मले एक भाऊ होता हे मले ठाऊकच नव्हतं. कासाबाईनं कधी सांगितलं नाही, मायनं सांगितलं नाही. बायको गेल्यापासून मले वाटे, बाई सोडली तं आपल्या रक्ताचं या दुनियेत कोनी नाही. अन् त्या फाटक्या पुस्तकात थोरला भाऊ बसून होता.”

“आणि तुम्ही त्याचं वय घेतलं.”

“घेतलं. साऱ्या दुनियेत त्याची तेवढी एकच ओळ. तिचा कोनाले उपयोग नाही. म्हणलं, हबीबभाईच्या पोरी त्याच्याही पुतण्याच नं. थोरल्याच्या हातून येवढं एक काम होऊन जाऊ दे.”

खोटं वय लावून सहा वर्षांची नोकरी सोडणाऱ्या माणसाला कोणत्या कलमाखाली काय म्हणतात, हे मला माहीत नव्हतं, अजूनही नाही.

ते मला फाट्यापर्यंत सोडायला आले. मेहकरची गाडी यायला वेळ होता. दोन्हीकडे कपाशी फुटली होती. चालता चालता ते म्हणाले, “बाईले इचारलं, मायच्या मनात त्याचं काय नाव असन? तिले काय ठाऊक. मंग म्याच ठेवलं.”

“काय ठेवलंत?”

“सुदाम.” त्यांचा आवाज मी इतका हळू कधी ऐकला नव्हता. “वावरातून घरी येतो तवा दारातून आवाज देतो, ‘सुदामभाऊ, आलो.’ पह्यल्यांदा बाई हासली. आता तीच इचारते, आज थोरल्याले आवाज नाही दिला काऊन?”

गाडी आली. त्यांनी माझी पिशवी वर दिली, आणि गाडी दूर जाईपर्यंत ते तिथेच उभे होते.